रमजानात तूर कोणी चावायची

मामू,

तुम्ही असता तर हे लिहायची वेळ आली नसती. तुमच्यासमोर उभी राहून बोलले असते आणि तुम्ही निम्म्यातच "हौ हौ, अक्का" म्हणून मला गप्प केलं असतं. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. काल चिटगुप्प्याला तुमच्या घरी जाऊन आले, तुमच्या मागे एकट्या राहिलेल्या मुमानींजवळ तासभर बसले, आणि तिथून परतल्यापासून दुसरं काही सुचत नाही. म्हणून वही उघडून बसले आहे. इतकी वर्षं बोलायची ती गोष्ट बोलले नाही, आता बोलायला निघाले तर ऐकणारा नाही. माझं सगळं असंच उशिरा असतं.

आधी कबुली देते. दोन वर्षांपूर्वी रमजानात मी तुमची जागा काढून घेतली. वर असं समजत राहिले की मी तुमच्यावर माया करते आहे.

तुमची जागा म्हणजे फाटकाच्या आत, लिंबाच्या झाडाखाली, लोखंडी खुर्ची. हुमनाबादच्या आमच्या डाळ मिलमध्ये तुरीचं पोतं आलं की ते आधी तुमच्यासमोर उघडायचं. तुम्ही पाच-सहा दाणे उचलायचात, तळहातावर फिरवायचात आणि त्यातला एक पुढच्या दातांत धरून फोडायचात. वाळलेली तूर 'कट्' करून दोन फाका व्हायची. ओली असली की आवाज नाही, नुसती चेपायची. तुम्ही फाका थुंकून म्हणायचात, "बारा हाय," नाहीतर "चौदा, चार दिस उन्हात टाका." ओलाव्याचा तो आकडा शेतकऱ्यांनाही मान्य असायचा आणि आम्हालाही. अप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, काळापासून हे असंच चाललेलं. मिलमध्ये मोटार बंद पडली तर चालायचं, मामू आले नाहीत तर फाटकाबाहेर गाड्या तटायच्या.

अप्पा गेले आणि मिल माझ्या गळ्यात पडली, कारण आमच्या ह्यांचा जीव करजगीच्या शेतात. मला तूर फक्त वरणातली ठाऊक. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला खुर्चीशेजारी स्टूल दिलंत आणि दाणा पुढे केलात. मी तो दाढेखाली घेऊन असा चावला की जुन्या दाढेतलं सिमेंट निघालं. गाल धरून बसले, तर तुम्ही म्हणालात, "अक्का, तूर हाय ती, दुश्मन न्हाई. म्होरच्या दातात धरा, जोर नगं, इचारल्यागत चावा." हमाल हसले. मीही हसले. वयाने तुम्ही माझ्या वडलांएवढे, तरी मला अक्का म्हणायचात, आणि मी मामू म्हणायला लागले. दोन हंगामांत मला ओली-कोरडी कळायला लागली, आकडा मात्र कधी जमला नाही. "आकडा दातात नसतोय," तुम्ही म्हणायचात. कुठे असतो ते विचारायचं राहिलं.

विचारायचं राहणं हाच माझा रोग, मामू. लग्नाला जायचं ठरलं की नणंदेला न विचारता तिची साडी मीच निवडते. आमचे हे म्हणतात, तू माणसाचं भलं करायला निघालीस की त्याने पळावं. मी रागावते, पण त्यात खोटं काही नाही.

आपला एक वाद बारा वर्षं चालला होता. श्रावणी सोमवारी माझा डबा आला की तुम्ही लांबूनच मोजायचात: साबुदाणा, भगर, शेंगदाण्याचे लाडू, केळी, वर दही. "अक्का, तुमच्या उपासाचा डबा उचलाया दोन हमाल लागायलेत," म्हणायचात. "आमचा रोजा पोटाला कळतोय, तुमचा उपास दुकानदाराला." मी चिडून म्हणायचे, तुमचं तर काय, थुंकी गिळायची नाही म्हणून दिवसभर थुंकायचं, ही कसली रीत? एकदा तुम्ही कपाळावर हात मारलात. "थुंकी गिळली तर चालतंय, अक्का. कोन सांगितलं तुमास्नी?" कोणी सांगितलं नव्हतं. लहानपणापासून ऐकलेलं होतं आणि मी ते खरं धरून चालले होते. तुम्ही सांगितल्यावर मी म्हणाले, असं होय. आणि तुमच्या रोज्याविषयी मला आता सगळं कळलं असं समजून मोकळी झाले.

मी मिल हातात घेतली तेव्हा रमजान पावसाळ्यात यायचा. मिलमध्ये तेव्हा तूर नसते, पट्टे बदलायचे, चाळण्या धुवायच्या, रंग द्यायचा. तुम्ही रोजे धरून यायचात, दुपारी पट्ट्यांच्या ढिगावर आडवे व्हायचात, कुणाला काही फरक पडत नव्हता. पण रमजान दर साली दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. सरकत सरकत तो आधी उन्हाळ्यात आला आणि मग ऐन तुरीच्या हंगामात. फाटकाबाहेर पार चिटगुप्प्याकडून आलेल्या ट्रॅक्टर आणि टेम्पोंची रांग, आणि आत मामू रोजेदार.

त्या रमजानाच्या चार-पाच दिवस आधी तुम्ही ऑफिसात आलात. टोपी हातात धरून उभे राहिलात. बसा म्हटलं तरी बसला नाहीत.

"अक्का, महिनाभर म्या सकाळी सहाला येतो. दुपारची सुट्टी नगं मला. साडेचारला सोडा."

"कामून?"

"रोजा घरी सुटतोय मग. पाचची बस घावली की टायमावर पोचतोय."

मी म्हणाले, मामू, मिल नऊला उघडते. गाड्या दहानंतर येतात. सहाला येऊन तुम्ही कुणाची तूर बघणार?

"गाड्या पहाटंपस्नंच थांबायल्यात की, अक्का. तुमी दहाला येताव, म्हून तुमास्नी दिसना."

हे मला लागलं. मालकिणीला दहाला येतेस म्हणणं मला उलट बोलणं वाटलं. तुम्ही स्वतःची सोय बघता आणि नाव गाड्यांचं घेता, असंही मनात येऊन गेलं. मी म्हणाले, एकाला वेळ बदलून दिली की उद्या सगळे मागतील. तुम्ही "हौ हौ" म्हणून टोपी घातलीत आणि गेलात. पुन्हा तो विषय काढला नाहीत.

पण घरी गेल्यावर मला चैन पडेना. म्हातारा माणूस, रोजा धरणार, दिवसभर उन्हात बसणार. आणि तूर चावणार कशी? दाणा तोंडात घातला की रोजा गेला. आपण त्यांच्याकडून पाप करवून घेतोय, या विचाराने मी घाबरले. मग मी माझ्या पद्धतीने तोडगा काढला. हैदराबादचे व्यापारी बरेच दिवस मशीनची छापील चिठ्ठी मागत होते. ओलावा मोजायचं मशीन आणलं. लिंबाखाली टेबल टाकून त्यावर मशीन ठेवलं आणि इराण्णाला, आमच्या ऑपरेटरला, तिथे बसवलं. तुमची खुर्ची उचलून वजनकाट्याच्या खोलीत पंख्याखाली ठेवली. खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. पहिल्या रोज्याच्या सकाळी तुम्ही आलात तेव्हा मी स्वतः तुम्हाला तिथे घेऊन गेले आणि म्हणाले, "मामू, हा महिना तुम्ही काही करायचं नाही. नुसतं बसायचं. रोजा नीट होऊ द्या."

तुम्ही खुर्चीकडे बघितलंत, मग खिडकीतून टेबलाकडे. "बरं," म्हणालात.

मला वाटलं तुम्ही सुखावलात. तुमचं ते 'बरं' मी चुकीचं वाचलं.

चार दिवसांनी काट्यापाशी आले तर तुम्ही म्हणालात, "नुस्तं बसून रोजा लांब लागतोय, अक्का. काम असलं की सांजची मगरिब बिगीबिगी येती." मी हसले. म्हणाले, सवय होईल. मामू, इतक्या सोप्या शब्दांत कुणी सांगितलं असेल? आमच्या लिंगायत घरात पोराला बोलता आलं की कायक शिकवतात. हातचं काम हीच पूजा, ते कुणाचं काढून घेऊ नये, देवळापेक्षा ते मोठं. हे पाठ असलेल्या घरची मी सून. आणि तुमचं कायक उचलून मी एका इराण्णाला दिलं, तेही पुण्य समजून.

पुढचं सांगताना मान खाली जाते. समाजाच्या कार्यक्रमात मला चार शब्द बोलायला बोलावलं होतं. मी माईकवर सांगितलं की आमच्या मिलमध्ये मुसलमान कामगारांच्या रोज्याची कशी काळजी घेतात, मामूंना महिनाभर पंख्याखाली बसवलंय, पगार पूर्ण. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही एवढंच म्हणालात, "माईकवर माजं नाव कामून घेतलाव, अक्का?" मी समजले, माणूस लाजतो आहे.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. मशीन आलं त्या दिवशी मी पारख केली होती. आदल्या संध्याकाळी तुम्ही बघून ठेवलेल्या तीन गाड्यांचे दाणे मी मशीनमध्ये घातले. तुम्ही सांगितलेले तिन्ही आकडे मशीनने जसेच्या तसे दाखवले. मशीन बरोबर चालतं म्हणून मी खूश झाले. मामू बरोबर आहेत हे काही मनात आलं नाही. ते रोजचंच होतं, त्यात नवं काय! तेव्हा खिडकीपाशी येऊन तुम्हाला ती चिठ्ठी दाखवली असती तर माझं काय जात होतं?

ईद झाली. तुम्ही नेहमीसारखा शीरखुर्म्याचा डबा आणलात आणि सरळ लिंबाखाली गेलात. इराण्णा उठायला लागला. मीच ऑफिसातून हाक मारली, "असू दे, हंगाम संपेपर्यंत मशीन राहू दे, व्यापारी चिठ्ठी मागतात." तुम्ही वळून काट्याच्या खोलीत गेलात. हंगाम उतरल्यावर मी म्हणणार होते, मामू, या आपल्या जागेवर. मग म्हटलं दिवाळीनंतर नवीन माल येईल तेव्हा. नवीन माल आला तेव्हा म्हटलं, आता मामूंचे गुडघे दुखतात, उन्हात कशाला. मी तुमच्या वतीने कारणं शोधत राहिले आणि तुम्ही पंख्याखाली बसून राहिलात. दुसरा रमजान तसाच गेला. त्यानंतर तुम्ही यायचंच थांबवलंत. निरोप आला, गुडघे. मी फळं पाठवली. स्वतः नाही आले.

तुमच्या मातीला आले तेव्हा कब्रस्तानाच्या भिंतीबाहेर थांबले होते. शेजारी बसप्पाअण्णा, तुम्ही ज्यांची तूर तीस वर्षं बघितलीत ते. रडत नव्हते, पण उपरण्याने सारखं नाक पुसत होते. मला म्हणाले, "मामूसारखा मानूस न्हाई, अक्का. म्या तरना असताना बी रमजान तुरीत आला हुता, अप्पांच्या टायमाला. तवा मामू आमालाच चावाया लावायचा."

मी विचारलं, म्हणजे?

"म्हंजे दाना आमच्याच हातावर ठिवायचा. म्हनायचा, माजा रोजा हाय, आज तूच चाव अन् तूच सांग आकडा. आता त्याच्या म्होरं बसून सोताच्या मालाची खोटी साक्ष कोन दील? एकदा म्या बारा म्हनलो. त्यो नुस्ता बघितला माज्याकडं. म्या म्हनलो, चौदा." बसप्पाअण्णा हसायला लागले आणि हसताहसताच त्यांचे डोळे वाहिले. "महिनाभर एकबी भांडन न्हाई झालं बगा फाटकावर. त्यो बोटानंच वळखायचा, अक्का. दात आमास्नी आवाज ऐकवाया हुता."

मामू, अप्पांनी तुम्हाला एका दिवसासाठीही उठवलं नव्हतं. त्यांनी बहुतेक विचारलं असेल, महबूब, आता कसं करायचं? आणि तुम्ही सांगितलं असेल. बस, एवढंच करायचं होतं. ज्या अडचणीसाठी मी मशीन आणलं, पडदा लावला, भाषण केलं, ती अडचण तुम्ही माझ्या लग्नाआधीच सोडवून ठेवली होती.

या वर्षी चाँद दिसायच्या आधी मी शहाणी झाले. मिलमध्ये रोजे धरणारे तिघं आहेत. एकेकाला बोलावून विचारलं, तुला काय हवंय? चाळणीवरच्या रझियाने सांगितलं, काही नको, फक्त शुक्रवारी नमाजाच्या नावाखाली मला जबरदस्तीने घरी पाठवू नका, घरी जास्त काम असतं. ट्रक भरणारा नजीर म्हणाला, पोती सकाळी उचलतो, दुपारनंतर शिलाईचं काम द्या. आणि तिसऱ्या, बॉयलरवरच्या युसूफने, अगदी तुमचेच शब्द वापरले: सहाला येतो, दुपारची सुट्टी नको, साडेचारला सोडा. मी हो म्हणाले. पहिल्या दिवशी मी स्वतः सहाला फाटकावर गेले. अंधार नुकता फिटला होता. बाहेर अकरा गाड्या उभ्या होत्या. ड्रायव्हर चूळ भरत होते. त्यातल्या एकाने विचारलं, "मामू न्हाईत व्हय?"

काल मुमानींकडे गेले ती हे सगळं सांगायला. खरं सांगू का, माफी मागायचीच होती, पण रिकाम्या हाताने मागायला लाज वाटली. म्हणून आधी सहाची पाळी सांगितली, रझिया-नजीरचं सांगितलं. मुमानी भिंतीला टेकून, डोक्यावरून पदर घेऊन ऐकत होत्या. तोंड सुकलेलं, रोजा होता. मग मी म्हणाले, "मुमानी, त्या रमजानात मी मामूंना खुर्चीवरून उठवलं, ते रोज्यामुळे. त्यांना त्रास नको म्हणून. माझं चुकलं."

मुमानींनी मान वर केली.

"रोजे के वास्तेच उठाए थे?" त्यांनी विचारलं.

"हो. मग कशासाठी?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "उनो बोलते थे, रोजा तो अक्का का बहाना है. मेरा दांत कहीं चुक गया होंगा. मूं पो बोलने कू शरम आई होंगी अक्का कू, करके रोजे का नाम लिए. मेरी इज्जत रखे."

मामू, तुम्ही माझे उपकार मानत होतात. तुमची कुठली तरी चूक झाली आणि अक्काने ती झाकली, असं समजून. मुमानी सांगत होत्या, घरी बसल्यावर तुम्ही एकेक गाडी आठवायचात. अमक्याची तूर मी तेरा म्हणालो, ती पंधरा असेल का? तमक्या साली डाळीला बुरशी आली होती, ती माझ्यामुळे का? जेवताना मध्येच थांबायचात. शेवटच्या आजारपणात तर डब्यातले तुरीचे दाणे उशाशी घेऊन बोटांनी चाचपायचात, आणि मुमानींना म्हणायचात, बघ, मला कळतंय की अजून.

मी खाली जमिनीवर सरकले आणि मुमानींचे दोन्ही हात धरले. सगळं सांगितलं. त्या तीन गाड्यांचं सांगितलं, तिन्ही आकडे जुळले होते ते सांगितलं. म्हणाले, मुमानी, मामूंचा दात कधीच चुकला नाही. एकदासुद्धा नाही. माझ्या मनात तशी शंकाही कधी आली नाही.

मुमानींनी हात सोडवून घेतले नाहीत. माझ्याकडे न बघता, दाराबाहेरच्या उन्हाकडे बघत म्हणाल्या,

"उनो दो साल यहीच सुनने कू बैठे थे, अक्का."